अँटीबॉडी शून्य होईपर्यंत थांबायचं का?

पत्राचा गोषवारा: लिहिणाऱ्या बाईंचं वय ३५. गेल्या अडीच वर्षांत दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पहिल्या तिमाहीतच गर्भ गेला. पहिला आठव्या आठवड्यात, रक्तस्राव होऊन. त्यानंतरच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) ५.४ आणि अँटी-टीपीओ (थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह निघालं, म्हणून लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची, २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. दुसऱ्या खेपेला नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले नाहीत. तेव्हा टीएसएच ४.६ होता. "त्याआधीच्या महिन्यात कामाच्या धबडग्यात माझ्या दहा-बारा गोळ्या चुकल्या होत्या. हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही," असं त्या लिहितात. आता गोळी ५० मायक्रोग्रॅमची आहे, टीएसएच १.८ आहे आणि डॉक्टर म्हणतात, प्रयत्न सुरू करा. पण वर्षभरापूर्वी ६४० असलेलं अँटी-टीपीओ आज ५१० आहे. ते नॉर्मल झाल्याशिवाय पुन्हा धोका पत्करायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. त्यासाठी सेलेनियमच्या आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या सुरू आहेत आणि दर महिन्याला रक्त तपासणं चालू आहे. नवरा म्हणतो, वर्ष वाया गेलं. आई म्हणते, आता राहिलं की थायरॉइडची गोळी बंद कर, गर्भाला बाधते. बाईंचे प्रश्न दोन: मी थांबते आहे ते बरोबर आहे ना? आणि दुसरं बाळ माझ्या चुकलेल्या गोळ्यांमुळे गेलं का?

नमस्कार,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पत्रात तो शेवटी, एका ओळीत उरकलाय, पण सगळं पत्र त्याच्याभोवतीच फिरतंय असं मला वाटलं.

तो गर्भ का थांबला, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. त्या वेळी गर्भाच्या पेशींची गुणसूत्रं तपासली गेली नव्हती, त्यामुळे पुरावा हाती नाही. तरी काही गोष्टी पक्क्या माहीत आहेत. पहिल्या तिमाहीत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भांमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ही चूक बहुतेक वेळा बीजांड पक्व होताना, म्हणजे गर्भ राहण्याच्याही आधी घडते आणि पस्तिशीच्या पुढे तिचं प्रमाण वाढत जातं. अशा गर्भाला जगातली कुठलीही गोळी, कितीही वेळेवर घेतली तरी, वाचवू शकत नाही.

आता चुकलेल्या गोळ्या. लेव्होथायरॉक्सिन शरीरात हळूहळू उतरतं. एका आठवड्यात त्याचं रक्तातलं प्रमाण साधारण निम्मं होतं. शिवाय २५ मायक्रोग्रॅम हा अगदी लहान डोस आहे. तुमची स्वतःची ग्रंथी तेव्हाही बहुतेक सगळं हार्मोन तयार करतच होती, गोळी फक्त उरलेली तूट भरून काढत होती. दहा-बारा गोळ्या चुकल्याने टीएसएच थोडा वर गेला असेल, हे शक्य आहे. ४.६ हा आकडा गरोदरपणात हवा त्याहून किंचित जास्त आहे, हेही खरं. पण उपचाराविना राहिलेला उघड हायपोथायरॉइडिझम, म्हणजे ग्रंथीचं काम स्पष्टपणे कमी पडणं, वेगळा. तिथे टीएसएच दहाच्या वर असतो किंवा ग्रंथी बनवते ते टी-फोर हार्मोनच कमी पडलेलं असतं, आणि त्याने गर्भपाताचा धोका नक्की वाढतो. तुमची अवस्था त्याच्या जवळपासही नव्हती. त्यामुळे कोणी विचारलंच, तर माझं मत असं की त्या गोळ्यांवर हा आरोप टिकत नाही. "अजिबात संबंध नाही" असं मी लिहिलं असतं तर तुम्हाला जास्त हलकं वाटलं असतं, पण ते खरं झालं नसतं, आणि उद्या कुठेतरी काहीतरी वाचून तुमचा माझ्यावरचा विश्वासही उडाला असता.

एक सुचवते. हे नवऱ्याला सांगा. वर्षभर तुम्ही दोघं एकाच प्रश्नावर दोन वेगळ्या भाषेत भांडताय. त्यांना वाटतंय की तुम्ही एका रिपोर्टपायी अडून बसलात. तुम्हाला मात्र पुन्हा आपल्या हातून काही राहून जाऊ नये म्हणून आकडा शून्यावर आलेला हवाय. तुमचं कारण त्यांना ठाऊकच नाही.

आता थांबण्याचा प्रश्न. अँटी-टीपीओ नॉर्मल होण्याची वाट पाहू नका. तो आकडा खाली आणण्याचं सिद्ध झालेलं औषध नाही, तो आपणहून नॉर्मल होईलच असं नाही, आणि तो कमी केल्याने पुढचा गर्भ टिकतो असं दिसलेलं नाही. पण लगेच प्रयत्न सुरू करा, असंही मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली, तिच्याकडे येतेच. त्याआधी थायरॉइडचं नेमकं काम काय, ते पाहू. त्याशिवाय बाकीचं गळी उतरणार नाही.

गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि पुरेसं हार्मोन बनवायला तिला पाचवा महिना उजाडावा लागतो. तोवरचा पुरवठा आईकडून. त्याच काळात आईच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे थायरॉइड हार्मोन धरून ठेवणारं प्रथिन रक्तात वाढतं आणि मोकळं हार्मोन कमी पडू नये म्हणून ग्रंथीला जास्त उत्पादन करावं लागतं. मिळकत तीच आणि घरात खाणारी तोंडं वाढली, तसं हे. निरोगी ग्रंथी ही वाढ पेलते. गरोदरपणातलं एचसीजी हार्मोन तिला ढोसतंही, म्हणूनच पहिल्या तिमाहीत निरोगी बायकांचा टीएसएच एरवीपेक्षा खाली येतो. ज्यांच्या ग्रंथीवर अँटीबॉडींचा मारा चालू आहे, त्यांची ग्रंथी एरवी कसंबसं निभावते, पण ही वाढीव मागणी आली की मागे पडू शकते. गोळी आधीपासून घेणाऱ्यांचा डोस गरोदरपणात साधारण पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो, तो याचमुळे.

म्हणजे थायरॉइडची काळजी खरी आहे. फक्त ती टीएसएचच्या आकड्याची काळजी आहे, आणि तुमचा तो आकडा आज १.८ आहे. गोळी घेणाऱ्या बाईने गर्भ राहण्याआधी टीएसएच २.५ च्या खाली ठेवावा, असं सांगतात. तुम्ही त्यात आरामात बसता.

हा २.५ चा आकडा अनेकींच्या डोक्यात भुतासारखा बसलेला असतो, म्हणून थोडं विषयांतर. २०११ मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने पहिल्या तिमाहीसाठी सरसकट २.५ ही वरची मर्यादा सांगितली होती. त्याने कितीतरी तंदुरुस्त बायका एका दिवसात रुग्ण ठरल्या. २०१७ मध्ये त्याच संस्थेने ती बदलली. ज्या त्या लोकसमूहाची गरोदरपणातली स्वतःची मर्यादा वापरा, ती उपलब्ध नसेल तर साधारण ४ धरा, असं नव्या सूचनेत आहे. टीएसएच १० च्या वर असेल तर गोळी सर्वांनाच. मर्यादेच्या वर असेल आणि अँटीबॉडी पॉझिटिव्ह असतील तरी गोळी. अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि टीएसएच २.५ ते वरच्या मर्यादेच्या मध्ये, अशा बाईला गोळी देण्याचा विचार करता येईल, एवढंच. जुने लेख, जुनी पत्रकं आणि ओळखीच्यांचे सल्ले अजून २०११ मध्येच आहेत. ज्या वाचक ३.१ किंवा २.८ असा रिपोर्ट हातात घेऊन रडत बसल्या असतील, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता अँटीबॉडी. तुमच्या भीतीला आधार नाही असं नाही. ज्या बायकांमध्ये या अँटीबॉडी असतात, त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसतं, टीएसएच नॉर्मल असला तरी. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही हेच दिसलं. का, ते उलगडलेलं नाही. कदाचित ग्रंथीची राखीव ताकद कमी असते म्हणून. कदाचित रोगप्रतिकारशक्तीचा एकूणच कल बिघडलेला असतो आणि अँटी-टीपीओ ही त्याची केवळ खूण असते. वयाचाही त्यात वाटा असू शकतो, कारण वय वाढतं तशा अँटीबॉडीही अधिक बायकांमध्ये सापडतात.

मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: अशा बायकांना, टीएसएच नॉर्मल असतानाही, गोळी दिली तर? ब्रिटनमध्ये 'टॅब्लेट' नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. आधी गर्भपात किंवा वंध्यत्वाचा इतिहास, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आणि थायरॉइडचं काम नॉर्मल, अशा ९५२ बायका. अर्ध्यांना गर्भधारणेआधीपासून ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. ३४ आठवड्यांपुढे जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण: औषधवाल्यांमध्ये ३७.४ टक्के, दुसऱ्या गटात ३७.९ टक्के. फरक नाहीच. २०२२ मध्ये युरोपातली 'टी-फोर-लाइफ' नावाची चाचणी आली, ती तर खास तुमच्यासारख्या, दोन किंवा अधिक गर्भ गमावलेल्या बायकांवर होती. लहान होती, १८७ जणींची. तिथे ५० टक्के आणि ४८ टक्के. पुन्हा तेच.

यातून तुमच्यासाठी निघतं ते असं. तुम्ही गोळी घेता ती टीएसएच ५.४ होता म्हणून, आणि ती घेत राहायला हवी. ती अँटीबॉडीवरचा उपाय नाही. अँटीबॉडी तुमच्या डॉक्टरांना एकच काम सांगतात: या बाईचा टीएसएच गरोदरपणात नीट लक्षात ठेवून तपासा, तो चढू शकतो. त्या आहेत हे एकदा कळलं की त्यांचा उपयोग संपला. ६४० चं ५१० झालं की ५४० झालं, याने उपचार बदलत नाही. दर महिन्याला अँटी-टीपीओ करणं आजपासून बंद करा. टीएसएचही दर महिन्याला नको. डोस बदलल्यावर तो स्थिरावायला सहा आठवडे लागतात, आणि त्याआधी तपासून पुन्हा डोस हलवला तर आकडा नुसता झोके घेत राहतो.

सेलेनियमबद्दल: काही अभ्यासांत त्याने अँटीबॉडींचा आकडा थोडा खाली आलेला दिसतो. गर्भ टिकतो, असं दाखवणारा पुरावा नाही आणि गरोदरपणात अँटीबॉडीसाठी ते देऊ नये असंच तज्ज्ञ संस्था सांगतात. शेवाळाच्या गोळ्या मात्र मला खरोखर काळजीच्या वाटतात. त्यांत आयोडीन भरपूर आणि प्रत्येक गोळीत वेगवेगळं असतं. गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दिवसाला २५० मायक्रोग्रॅमपर्यंत. पण अँटीबॉडी असलेल्या ग्रंथीवर आयोडीनचा अतिरेक झाला तर तिचं काम उलट मंदावू शकतं. ज्या ग्रंथीला वाचवायला तुम्ही ते घेताय, तिलाच ते जाचू शकतं. त्या डब्या पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि तोवर बाजूला ठेवा. केस-नखांसाठी बायोटिन असलेलं काही घेत असाल तर तेही सांगा, कारण त्याने थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी किमान दोन दिवस ते थांबवतात.

आता ती खटकलेली गोष्ट. दोन गर्भपात झाले आणि तुमच्या अडीच वर्षांच्या फायलीत थायरॉइडखेरीज एकही तपासणी नाही. पहिल्या वेळेस टीएसएच वाढलेला सापडला, कारण मिळालं असं सगळ्यांना वाटलं आणि शोध तिथेच थांबला. थायरॉइडच्या बाबतीत हे फार घडतं. तपासणी सोपी, आकडा ठसठशीत, गोळी हाताशी. त्यामुळे त्याच्यामागे दुसरं कोणी उभं असलं तरी ते दिसत नाही.

किती गर्भपातांनंतर कारण शोधायचं, यावर एकमत नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या प्रजनन-तज्ज्ञांच्या संस्था दोन म्हणतात, ब्रिटनमधली प्रसूतितज्ज्ञांची संस्था तीन. तुमचं वय आणि तुमची घालमेल पाहता दोनावरच शोध घ्यावा, असं मला वाटतं. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना अमुक तपासण्या लिहून द्या असं न म्हणता, "या आपल्या बाबतीत का केल्या नाहीत?" असं विचारा. सर्वांत महत्त्वाची म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या आजाराची. इथल्या अँटीबॉडी वेगळ्या, थायरॉइडच्या नव्हेत, आणि त्यांच्यावर उपाय आहे: अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन. ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात, एकदाच आलेल्या निकालावर शिक्का मारत नाहीत. दुसरी गर्भाशयाच्या आकाराची, थ्री-डी सोनोग्राफीने. मधे पडदा वगैरे आहे का, ते त्यात कळतं. मधुमेह आहे का, हेही पाहून घेतात. आणि परिस्थितीनुसार दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी, ज्याला कॅरिओटाइप म्हणतात. यात नवऱ्याचंही रक्त द्यावं लागतं. धूम्रपान, दारू, वजन हे प्रश्नही दोघांना विचारले जायला हवेत. आतापर्यंतच्या सगळ्या सुया तुम्हालाच टोचल्यात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

काही तपासण्यांना नम्रपणे नकार द्यायलाही हरकत नाही. टॉर्च नावाचा संसर्गांचा संच वारंवार होणाऱ्या गर्भपातांसाठी उपयोगाचा नाही, तरी तो सर्रास लिहिला जातो. रक्तातल्या 'नॅचरल किलर' पेशी मोजणं आणि त्यावरून महागडे प्रतिकारशक्तीचे उपचार करणं, यालाही भक्कम आधार नाही.

एवढं करूनही कारण सापडलं नाही, तर? निम्म्या जोडप्यांच्या बाबतीत ते सापडत नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण कारण न सापडलेल्या जोडप्यांना पुढच्या खेपेला बाळ होण्याचं प्रमाण निम्म्यापेक्षा बरंच जास्त असतं, कुठल्याही खास उपचाराविना.

मग तुमच्यापुढे वाटा कुठल्या? आजच प्रयत्न सुरू करणं, ही एक. थायरॉइडच्या बाजूने त्याला काही अडचण नाही. दुसरी, दोन-तीन महिने घेऊन वरच्या तपासण्या उरकून मग सुरू करणं. मी तुमच्या जागी असते तर ही निवडली असती. बारा आठवडे कशासाठी थांबतोय हे माहीत असतं, त्याला शेवटची तारीख असते, आणि नवऱ्यालाही त्यात काम असतं. तिसरी, आत्ता मन तयार नाही म्हणून थांबणं. हीही खरीखुरी वाट आहे आणि तिच्याबद्दल कोणापुढे मान खाली घालायची गरज नाही. दोन गर्भ गेल्यावर पुन्हा त्या सोनोग्राफीच्या खोलीत पाय टाकायची भीती वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. फक्त मला तुम्हाला विचारायचंय: उद्या रिपोर्टमध्ये अँटी-टीपीओ नॉर्मल आलं, तर तुम्ही खरंच परवापासून तयार असाल का? उत्तर "नाही" असेल, तर थांबण्याचं कारण अँटीबॉडी नाहीत. तसं असेल तर भीतीवर थेट काम करा, समुपदेशकाकडे जा, दोघं जा. वय मात्र लक्षात ठेवा. ३५ ते ३८ मधल्या तीन वर्षांत गर्भपाताचा धोका वाढतो, तो अँटीबॉडींच्या शंभर-दीडशे आकड्यांच्या फरकाने कमी होत नाही.

आईंना काय सांगायचं? त्यांची काळजी रास्त आहे, निष्कर्ष उलटा आहे. लेव्होथायरॉक्सिन हे ग्रंथी बनवते त्याच टी-फोर हार्मोनचं कारखान्यात तयार केलेलं रूप. गर्भाला ते परकं नाही, आणि गर्भ राहिल्यावर ते बंद करणं हीच धोक्याची गोष्ट. पुढच्या भेटीला आईंना बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. तुमचं त्या ऐकणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

गोळीची पथ्यं तुम्हाला माहीत असतील, पण पत्र अनेकजणी वाचतात. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, नाश्त्याच्या आणि चहा-कॉफीच्या अर्धा ते एक तास आधी. सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी, तेही चालतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर. गरोदरपणात हे फार जणींचं चुकतं, कारण नेमक्या तेव्हाच या दोन्ही गोळ्या सुरू होतात आणि सोय म्हणून सगळं एकदम घशाखाली जातं. मग डोस पुरेसा असूनही टीएसएच चढतो आणि डॉक्टर बुचकळ्यात पडतात. एखादी गोळी चुकली तर आठवल्यावर घ्या. त्यासाठी रडत बसायचं नाही.

गर्भ राहिल्याचं कळल्या दिवशी काय करायचं, हे आत्ताच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पाळी चुकल्यावर पहिली भेट मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज निघून जातात आणि हार्मोनची गरज वाढते ती त्याच दिवसांत. म्हणून बरेच डॉक्टर आधीपासून गोळी घेणाऱ्या बायकांना सांगून ठेवतात की टेस्ट पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्या, म्हणजे दोन दिवस दोन-दोन, आणि लगेच टीएसएच करा. तुमच्या बाबतीत हेच लागू आहे का, किती वाढवायचं, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पुढे पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि मग तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा तरी टीएसएच. तपासणी वारंवार करायची ती तेव्हा. आत्ता तुम्ही ते चुकीच्या काळात करताय.

याच कागदावर आणखी दोन प्रश्नांची उत्तरं मागून घ्या. रक्तस्राव झाला तर काय? आधी गर्भपात झालेल्या बाईला या गरोदरपणात सुरुवातीला रक्तस्राव झाला तर प्रोजेस्टेरॉनचा फायदा होऊ शकतो, असं एका मोठ्या चाचणीत दिसलंय, त्यामुळे फोन कोणाला आणि कधी करायचा हे ठरलेलं असावं. आणि मनाच्या धीरासाठी सहाव्या-सातव्या आठवड्यापासून लवकर सोनोग्राफी, ओळखीच्याच डॉक्टरांकडे, मिळेल का? पुन्हा गर्भ गेलाच, तर गर्भाची गुणसूत्रं तपासायची का, हे विचारणंही मी याच यादीत घालते. लिहायला जड जातंय, पण त्या क्षणी कोणाला सुचत नाही, आणि मागच्या वेळी तेच राहून गेलं.

ज्या वाचकांचा प्रश्न उलटा आहे, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतंय, त्यांनी वरचं काही स्वतःला लावून घेऊ नये. त्यांनी आजार आटोक्यात येऊन आकडे स्थिर होईपर्यंत गर्भधारणा पुढे ढकलावी, आणि कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल चालू असेल तर गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण पहिल्या तिमाहीत ही औषधं टाळून दुसरं देण्याची पद्धत आहे. मनाने बंद मात्र करू नये. आणि ज्यांचा एकदाच गर्भपात झालाय, थायरॉइड कधी तपासलेलंच नाही, त्यांनी पुढच्या प्रयत्नाआधी टीएसएच करून घ्यावा. तो वाढलेला निघाला तरच अँटी-टीपीओ.

तुमच्याकडे परत येते. पुढच्या भेटीची वेळ या आठवड्यात घ्या, दोघांच्या नावाने. तिथे जाण्याआधी गोळ्यांची गोष्ट नवऱ्याला सांगून झालेली असू द्या. डॉक्टरांनाही ती सांगा, कारण आजवर तुमच्या फायलीत २५ मायक्रोग्रॅमवर टीएसएच ४.६ असं लिहिलंय. काही दिवस गोळी नव्हती हे कळलं, तर तुमच्या ग्रंथीचा अंदाज त्यांना नीट येईल.